ओरडण्याची आवक-जावक

आमच्या लातूरच्या घरात टीव्हीच्या वर माझा एक फोटो टांगलेला होता. अंगावर शाल, हातात नारळ आणि तोंडावर तृप्त हसू. नातवंडं पाहुण्यांना सांगायची, "आजोबांनी ऑफिसातलं ओरडणं बंद केलं होतं, म्हणून हा सत्कार झाला." पाहुणे आदरानं माझ्याकडं बघायचे आणि मी म्हणायचो, "चहा घ्या." पस्तीसेक वर्षं या विषयावर मी एवढंच बोलत आलो.

ती शाल माझी नव्हती. ती कुणाची होती आणि माझ्या अंगावर कशी आली, हे ऐंशी ओलांडल्यावर आता लिहायला बसलो आहे.

मी सरकारी नोकरीत अव्वल कारकून होतो. आमच्याकडं निजामाच्या काळापासून या माणसाला पेशकार म्हणतात. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला सगळं कार्यालय आणि मधे पेशकार, अशी ही जागा असते. खातं कोणतं ते लिहीत नाही, साहेबांचं नावही लिहीत नाही. साहेब आता हयात नाहीत आणि त्यांची मुलं भली आहेत.

साहेबांशी माझी गाठ नांदेडला पडली. कामाला वाघ, कागदाला पक्के, पण फायली फेकायचे. नेम चांगला होता. जाड फाइल जवळच पडायची, तिचं भय नसे. पातळ फाइल मात्र भिरभिरत यायची आणि कानाला लागायची. नवा कारकून रुजू झाला की मी त्याला पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवायचो. एक, फाइलीच्या नाडीला दुहेरी गाठ मारायची, म्हणजे हवेत कागद सुटत नाहीत. दोन, साहेबांच्या उजव्या हाताला अगदी खेटून उभं राहायचं, म्हणजे त्यांना हात मागं न्यायला जागा मिळत नाही. हे ज्ञान मी मोठ्या अभिमानानं वाटत असे. फेकणं थांबवावं, असं माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

साहेब माझ्यावर ओरडायचे. मी बाहेर येऊन कारकुनांवर ओरडायचो. कारकून आमच्या चपराश्यावर, म्हणजे महेबूबवर ओरडायचे आणि महेबूब दारात उभ्या असलेल्या अर्जदारावर. अर्जदार घरी जाऊन कुणावर ओरडत असेल, ते आमच्या कक्षेबाहेरचं होतं.

पुढं लातूर जिल्हा नवा झाला आणि काही दिवसांनी साहेब, मी आणि महेबूब तिघंही बदलीनं लातूरला आलो. नव्या जिल्ह्याला कार्यालयं होती, पण इमारती नव्हत्या. आमचं कार्यालय एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात भरायचं. सरकीचा वास जुन्या फायलींनाही लागला होता, आणि पंखा लावला की कुठून तरी कापूस उडून साहेबांच्या मिशीवर बसायचा. त्यावरूनही ओरडा व्हायचा.

त्यातच पावसानं दगा दिला. आमच्याकडं टँकरचं काम आलं. बाहेरच्या माणसाला ते सोपं वाटतं. प्रत्यक्षात आधी एखादी पाण्याची खासगी विहीर सरकारनं ताब्यात घ्यायची, तिथं टँकर भरायचा, तो कोरड्या गावात रिकामा करायचा आणि प्रत्येक फेरीची नोंद ड्रायव्हरच्या वहीत करायची. कोणत्या गावाला कोणती विहीर, हे साहेब स्वतः नकाशावर ठरवायचे. त्यांनी निवडलेली विहीर चुकीची आहे, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आणि एक विहीर आटली.

ड्रायव्हरनं महेबूबला सांगितलं. महेबूब म्हणाला, "मैं नै बोलता भई, मेरे को बैल बोलेंगे." त्यानं मला सांगितलं. मी म्हणालो, उद्या साहेबांचा मूड बघून सांगू. साहेबांना मूड असा एकच होता, त्यामुळं उद्याचा परवा झाला. तिकडं ड्रायव्हरला हुकूम होता, रोज त्या गावाला जायचं. तो गेला. तीन दिवस तो रिकामा टँकर घेऊन गावात जायचा, बायका घागरी घेऊन धावायच्या, तो टँकर वळवून परत यायचा आणि वहीत फेरी झाल्याची नोंद करायचा. हुकूम गावाला जाण्याचा होता, तो त्यानं पाळला होता.

चौथ्या दिवशी त्या गावची कोंडाबाई नावाची एक म्हातारी चालत आली. हातात रिकामी घागर. ती तिनं सरळ माझ्या टेबलावर, चालू फायलीवर ठेवली.

"भर," म्हणाली.

"आजी, हे ऑफिस हाय."

"मला दिसून राहिलं ऑफिस हाय. तुमचा टँकर बी टँकर हाय, पर त्यात पाणी न्हाई. तुमी बी साहेब हाव, पर तुमच्यात..." पुढचं मी लिहीत नाही. ती अर्धा तास ओरडत होती आणि तिचं सगळं खरं होतं.

आवक-जावकच्या टेबलावर वाघमारेबाई बसत. तिशीच्या, सावळ्या, बारीक, उमरीच्या. घर बौद्धांचं, वडील रेल्वेत गँगमन होते. नवरा लातूरलाच एका शाळेत मास्तर. बाई कमी बोलत आणि अक्षर मोत्यासारखं काढत. त्यांचं काम असं, की कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक कागदाला वहीत नंबर द्यायचा आणि पुढं रकाने भरायचे: कुणाकडून आला, विषय काय, कुणाकडं दिला, निकाल काय. नंबर पडलेला कागद मरत नाही. उत्तर जाईपर्यंत तो दर सोमवारच्या प्रलंबित यादीत उगवत राहतो. आमच्या सगळ्या नोकरीचं मर्म एवढंच आहे.

बाईंनी उठून कोंडाबाईला स्वतःची खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं आणि विचारलं, "आता सांगा मावशी, काय बिघडलंय?" मग वही उघडली. नंबर टाकला. कुणाकडून: कोंडाबाई. विषय: टँकर रिकामा येतो म्हणून ओरडल्या. कुणाकडं: साहेब.

मी म्हणालो, "बाई, ओरडणं काय टपाल असतं का? अक्कल गहाण टाकली का?"

"तोंडी तक्रारीची नोंद घ्यायची असं नियमात हाय, पेशकारसाहेब," बाई म्हणाल्या, आणि मान खाली घालून पुढचा नंबर टाकला. कुणाकडून: पेशकारसाहेब. विषय: अक्कल गहाण टाकली का, अशी विचारणा. कुणाकडं: पेशकारसाहेब, खुलाशासाठी.

त्या दिवशी साहेबांना विहीर आटल्याचं कळलं. गोदामाचे पत्रे हलले. महेबूब बैल झाला, मी त्याहून खालचा प्राणी झालो आणि एक पातळ फाइल बाईंच्या टेबलापर्यंत उडत गेली. दुसरी विहीर मात्र दुपारपर्यंत ठरली आणि संध्याकाळच्या आत कोंडाबाईच्या गावात पाणी पोचलं. बाईंनी तीन नंबर टाकले. त्यातला एक फाइलीला.

आता खरी गंमत. रोजचं टपाल सकाळी वहीसकट साहेबांपुढं जायचं आणि साहेब प्रत्येक नोंदीपुढं शेरा मारायचे. वाचून मारतात अशी आमची समजूत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वही परत आली तेव्हा साहेबांनी स्वतःच्या तिन्ही नोंदींपुढं हिरव्या शाईत ठळक लिहिलं होतं: "तातडीनं कार्यवाही करावी व संबंधितांचा खुलासा घ्यावा."

संबंधित म्हणजे ते स्वतः.

आठवडाभर हेच चाललं. साहेब ओरडायचे, बाई नोंद करायच्या, साहेब सकाळी स्वतःच्या खुलाशाचा हुकूम काढायचे. सोमवारी मी प्रलंबित यादी काढली. सगळ्यात जास्त प्रलंबित प्रकरणं साहेबांच्या नावावर होती. अकरा. ती यादी घेऊन मी आत गेलो आणि सवयीनं त्यांच्या उजव्या हाताला खेटून उभा राहिलो.

"अकरा? माझ्याकडं? कोणती?"

मी वाचू लागलो. "महेबूब यांस बैल म्हटल्याबाबत. टंकलेखकास तुझ्या बापानं शिकवलं का, असं विचारल्याबाबत. फाइल हवेतून पाठवल्याबाबत..."

साहेबांचा चेहरा तांबडा होत गेला. हात फाइलीकडं गेला. मग त्यांचं लक्ष दाराकडं गेलं. दारातून बाईंचं टेबल दिसत होतं. बाईंनी टाक उचलून धरला होता.

साहेबांनी हात मागं घेतला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शेरे वाचले. अक्षर आपलंच आहे याची खात्री करून घेतली. आणि कागदाला पक्के असल्यामुळं म्हणाले, "घ्या लिहून."

पहिला खुलासा असा होता: "सदर इसमास बैल असे संबोधले ते रागाच्या भरात. चौकशीअंती सदर इसम बैल नसल्याचे आढळून आले. सबब प्रकरण निकाली काढण्यात यावे."

महेबूबनं त्याची नक्कल मागितली. रीतसर अर्ज करून घेतली. ती घडी करून तो शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि कुणी काही बोललं की खिशावर हात मारायचा. "मेरे पास सरकारी कागद हाय. मैं बैल नै. तुम्हारे पास क्या हाय?"

मलाही खुलासा लिहावा लागला. "बाईंची अक्कल त्यांच्याकडेच आहे," एवढं वाक्य लिहायला मला तीन कागद लागले.

त्यानंतर ओरडणं हळूहळू कमी झालं. आम्हा कुणाला शहाणपण आलं असा दावा मी करत नाही. आम्हाला कंटाळा आला. एक शिवी म्हणजे एक नंबर, एक खुलासा, एक जावक. तोंडापर्यंत आलेला शब्द माणूस आधी लिहून कसा दिसेल ते बघायचा आणि गिळायचा. साहेबांना दिवसभरात एकदा तरी ओरडल्याशिवाय चैन पडायचं नाही, म्हणून ते मागच्या दारानं जिनिंगच्या पटांगणात जायचे आणि तिथल्या मोडक्या यंत्रावर ओरडून यायचे. यंत्राची नोंद घ्यायची नाही, असं बाईंनी उदारपणे ठरवलं होतं.

दुसरा बदल आम्हाला उशिरा कळला. कोंडाबाईला दिलेली खुर्ची बाईंनी टेबलाजवळ तशीच ठेवली. वाईट बातमी घेऊन कोणीही आलं, ड्रायव्हर असो की सरपंच, की त्याला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, आणि मग एकच प्रश्न, "काय बिघडलंय?" कुणी बिघडवलं, हा प्रश्न तिथं विचारायचा नाही. लोक त्या खुर्चीसाठी येऊ लागले. विहिरीचा तळ दिसायला लागला की दुसऱ्या दिवशी आम्हाला कळायचं, टँकरचा वॉल्व गळतोय हे त्याच सकाळी कळायचं. एकदा ड्रायव्हर आला, बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "बाई, टँकर मीच नाल्यात घातला." नांदेडला असतो तर तो टँकर आम्हाला पावसाळ्यात सापडला असता. त्या उन्हाळ्यात रिकामा टँकर पुन्हा कोणत्या गावात गेला नाही.

इथं लेख संपवला असता तर शाल शोभली असती.

मग विभागातून दप्तर तपासणी आली. साहेब त्या दिवशी विहिरी बघायला फिरतीवर होते. तपासणी अधिकारी चष्म्यावरून बघणारे, पानं थुंकी लावून उलटणारे. आवक वही उघडली आणि उलटता उलटता थांबले.

"चौकशीअंती सदर इसम बैल नसल्याचे आढळून आले?" त्यांनी मोठ्यानं वाचलं. "सरकारी दप्तरात थट्टा? कुणाचा उद्योग हा?"

महेबूबचा हात खिशावर गेला. माझी त्या वर्षी बढती होती. नायब तहसीलदार व्हायचं होतं, पत्नीनं खुर्चीवर टाकायला टॉवेलसुद्धा घेऊन ठेवला होता.

"वाघमारेबाईंचा," मी म्हणालो. "मला माहीत नव्हतं."

"प्रत्येक पानावर तुमची सही आहे."

"मी न वाचता सही करतो, साहेब."

हे खोटं होतं. प्रत्येक नोंद मी चवीनं वाचत असे, घरी जाऊन बायकोला सांगत असे. आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती, आणि ती लिहिण्यासाठीच हा लेख आहे. बाईंच्या मागं कुणी नव्हतं. वाघमारे हे आडनाव ऐकलं की त्या अधिकाऱ्याला पुढं काही विचारायची गरज वाटणार नाही, हे मला बोलण्याआधी ठाऊक होतं. त्याला वाटलीही नाही.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. आवाज नेहमीसारखाच होता.

"पेशकारसाहेब, हे कोणत्या नंबरला घेऊ?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

पंधरा दिवसांत त्यांची बदली इस्लापूरला झाली, लांब किनवट तालुक्यात. नवरा लातूरला, बाई तिकडं. निरोपाच्या वेळी काही तरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "जवळच सहस्रकुंडचा धबधबा हाय, बाई. पाण्याची तरी चैन." कुणी हसलं नाही. महेबूबनं तोंड फिरवलं.

फिरतीवरून आल्यावर साहेबांना सगळं कळलं. ते माझ्या टेबलापर्यंत चालत आले आणि नांदेडपासूनच्या एकत्र नोकरीत ओरडले नव्हते एवढे माझ्यावर ओरडले. त्यांनी माझ्यावर केलेला हा एकच ओरडा पूर्णपणे रास्त होता, आणि तो नोंदवायला कोणी नव्हतं. त्यांनी विभागाला लिहिलं, "वहीतले शेरे माझे आहेत, जबाबदारी माझी आहे." उत्तर आलं नाही. नंबर पडला असणार, पण तिकडच्या वहीत बाई नव्हत्या.

ओरड्याच्या नोंदी बंद झाल्या. खुर्ची आणि पाणी मात्र राहिलं, कारण ते बंद करायचा लेखी हुकूम आला नव्हता. दोनेक वर्षांनी एक नवे वरिष्ठ आले, हसतमुख. बढती लांबली होती, मी अजून पेशकारच होतो. त्यांनी खुर्ची बघितली, महेबूबला विचारलं. महेबूबनं खिशातला कागद दाखवला आणि सगळी कथा सांगितली. बाईंचं नावही सांगितलं असणार. पण वरिष्ठांनी माझ्याकडं वळून विचारलं, "म्हणजे पेशकार, ही पद्धत तुमच्या हाताखाली सुरू झाली?" मी म्हणालो, "हो साहेब." तांत्रिकदृष्ट्या ते खरं होतं. महिन्याभरात शाल आली.

एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. बाई गेल्यावर त्यांचं दप्तर माझ्या ताब्यात आलं. आवक वहीत त्यांच्या हातची शेवटची नोंद होती. कुणाकडून: पेशकारसाहेब. विषय: मला माहीत नव्हतं, असे म्हणाले त्याबाबत. कुणाकडं: पेशकारसाहेब, खुलाशासाठी. निकालाचा रकाना मोकळा होता. प्रलंबित यादी मीच काढत होतो, त्यामुळं तो नंबर कोणत्याही सोमवारी यादीत आला नाही.

गेल्या वर्षी एका लग्नासाठी नांदेडला गेलो होतो. बाई निवृत्त होऊन तिथंच राहतात, हे ठाऊक होतं. पत्ता मिळवायला दहा मिनिटं लागली. दार वाजवायला जास्त लागली.

दार बाईंनीच उघडलं. केस पांढरे झालेले, पण टाक धरायची तीच बोटं. ओळखलं. खुर्ची दिली, तांब्याभर पाणी आणून दिलं, समोर बसल्या.

"आता सांगा पेशकारसाहेब. काय बिघडलंय?"

मी सगळं सांगितलं. मधेमधे थांबलो की त्या पाण्याकडं बोट दाखवायच्या. शालीचं सांगितलं तेव्हा त्यांना हसू आलं.

"रंग कोणता होता?"

"भगवा नव्हे, तो आपला... बदामी."

"मग बरं झालं. मला बदामी आवडत न्हाई." मग म्हणाल्या, "तुमी धबधब्याचं बोलले होते ना, मी गेले तवा नुसते खडक होते. दुष्काळ तिकडं बी होता. दोन वर्षांनी पाणी आलं. लई मोठा आवाज. मी तिथं जाऊन उभी राहायची. वाटायचं, ह्याची नोंद कुणी घ्यावी."

"बाई, माफ करा."

"तक्रार तोंडी चालते, पर खुलासा मी कधी तोंडी धरला का?" बाई म्हणाल्या. "लेखी द्या. आन् एवढा उशीर कामून झाला, त्याचा खुलासा वेगळा जोडा."

तर हा लेखी खुलासा.

उशीर झाल्याचं कारण: आधी बढतीची भीती होती, मग शालीची, आणि शेवटी नातवंडांची. यांतलं एकही कारण मंजूर होण्यासारखं नाही, याची मला कल्पना आहे.

फोटो मागच्या महिन्यात उतरवला. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला आहे. पाहुणे आले की नातू विचारतो, आता काय सांगू? मी म्हणतो, तू खुर्ची दे, पाणी दे, सांगायचं ते मी सांगतो. सगळं सांगून होईपर्यंत चहा गार होतो.

हा लेख ज्या अंकात छापून येईल, त्याची पहिली प्रत नांदेडला जाईल. निकालाच्या रकान्यात काय लिहायचं ते बाई ठरवतील. तोवर प्रकरण माझ्याकडं प्रलंबित आहे, आणि यावेळी ते यादीत घेतलं आहे.